यंत्राची किल्ली आणि परवलीचा शब्द

कुलूप हे चोरासाठी असते, अशी सर्वसामान्य समजूत आहे. घरास, तिजोरीस, धान्याच्या कोठीस आपण कुलूप घालतो ते परक्याचा हात आत शिरू नये म्हणून. परंतु मनुष्याने निर्माण केलेल्या कुलपांत एक मोठा वर्ग असा आहे की, त्याचा रोख परक्यावर मुळीच नसतो. तो आपल्याच माणसांवर, आणि त्यांतही प्रामाणिक माणसांवर असतो. यंत्रास घातलेले कुलूप या वर्गातले. यंत्र चोरून नेण्यास कोणी येत नाही. पण ज्याने ज्या वेळी हात लावू नये त्याने त्या वेळी तो लावला, तर कोणाचा हात तुटतो, कोणाचा जीव जातो, आणि पुष्कळदा तो हात लावणारा मनुष्य अत्यंत सद्‌भावाने आपले काम उरकीत असतो.

हल्ली कारखान्यांतील यंत्रे संगणकाच्या आधीन झाली आहेत. यंत्राजवळच्या पडद्यावर परवलीचा शब्द मागितला जातो. यंत्र चालविणाऱ्यास एक शब्द, देखरेख करणाऱ्यास दुसरा, अभियंत्यास तिसरा. आणि ज्याचा जसा शब्द तशी त्याच्या अधिकाराची पायरी. पहिल्याने यंत्र सुरू-बंद करावे, दुसऱ्याने दाब, वेग, वजन यांची प्रमाणे बदलावी, तिसऱ्याने यंत्राचे मूळ नियमच बदलावे, अशी ही वाटणी आहे. ही व्यवस्था संगणकाबरोबर जन्मास आली, असे पुष्कळांस वाटते. आमच्या मते ती संगणकाहून कितीतरी जुनी आहे. तिचे धडे प्रथम आगगाडीने गिरविले; आणि त्या धड्यांतील जो मुख्य, तोच नव्या व्यवस्थेत विसरला जाण्याचा संभव आहे. म्हणून हा इतिहास एकदा वाचकांपुढे मांडावा असे आम्हांस वाटते.

अधिकार वाटून देण्याची कल्पना महाराष्ट्रास नवी नाही. शिवकालीन किल्ल्याचा कारभार हवालदार, सरनोबत व सबनीस या तिघांनी मिळून एकत्र चालवावयाचा असे. धान्याचे व सामानाचे काम कारखानिसाकडे वेगळे. हेतू उघड होता. एक मनुष्य फितूर झाला तरी किल्ला जाऊ नये. रायगडाचे दरवाजे सायंकाळी एकदा बंद झाले की ते कोणासाठीही उघडत नसत, आणि म्हणून हिरकणी नावाच्या गवळणीस घरी तान्हे मूल असल्यामुळे कडा उतरून जावे लागले, ही आख्यायिका महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. आख्यायिकेचा खरेखोटेपणा बाजूस ठेवला तरी तीत कुलपाच्या दोन्ही बाजू दिसतात: नियमाचा कठोरपणा, आणि त्या कठोरपणाची किंमत निरपराध्याने दिलेली. पुढे इंग्रजी अमलात सरकारी खजिन्याच्या कोठीस दोन कुलपे घालण्याची पद्धत रूढ झाली. एक किल्ली खजिन्यावरील अंमलदाराकडे, दुसरी खजिनदाराकडे. दोघे समक्ष आल्यावाचून दार उघडावयाचे नाही. येथे दोघांपैकी कोणी चोर आहे असे सरकार म्हणत नाही. दोघांनी एकमेकांचे साक्षी व्हावे एवढेच म्हणते.

परंतु किल्ला काय, खजिना काय, या स्थिर वस्तू आहेत. दार बंद राहिले तर फार तर खोळंबा होतो. चालत्या वस्तूचा प्रश्न निराळा असतो, आणि तो प्रश्न वऱ्हाडात प्रथम आगगाडीने आणला.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा लोहमार्ग भुसावळकडून वऱ्हाड ओलांडून १८६७ साली नागपुरास पोचला. या मार्गावर बडनेऱ्याच्या पुढे चांदूर सोडले आणि वर्धा नदीपलीकडचे पुलगाव येण्यापूर्वी थांबले, म्हणजे धामणगाव लागते. गावाच्या नावातच 'रेल्वे' हा शब्द कायमचा जाऊन बसला आहे. याच जिल्ह्यात धामणगाव गढी आहे, शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात धामणगाव बढे आहे; तेव्हा या धामणगावास ओळखावयाचे ते आगगाडीवरून, हे ओघानेच आले. यवतमाळकडचा कापूस बैलगाड्यांतून सडकेने या स्टेशनावर येई. कापूस आला तेथे जिन आले, प्रेस आल्या, बॉयलर आले. म्हणजे वाफेची दोन राज्ये, एक रुळांवरचे व एक जिनांतले, या एका गावात शेजारी शेजारी नांदू लागली. यंत्रावर हात कोणी ठेवावा हा प्रश्न दोन्हीकडे होता. पण तो शास्त्रशुद्ध रीतीने सुटला तो प्रथम रुळांवर.

याचे कारण गाडीच्या वजनात आहे. भरधाव आगगाडी समोर संकट दिसल्यावर थांबू शकत नाही. तिला मैल-अर्धा मैल आधी कळावे लागते. म्हणून चालकाच्या डोळ्यांवर भिस्त न ठेवता लोहमार्गाचे तुकडे पाडण्यात आले, आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी असा नियम झाला. आता तो तुकडा मोकळा आहे हे ठरवावे कोणी? धामणगावचा स्टेशनमास्तर आपल्या हद्दीपुरता राजा असला तरी पुढचा मार्ग मोकळा आहे की नाही हे तो स्वतः ठरवू शकत नाही. पुढच्या स्टेशनाने 'लाइन क्लिअर' दिली पाहिजे. जेथे मार्ग एकेरी असे व टोकनयंत्र बसविलेले असे, तेथे हा नियम हातात धरता येई. चालकास द्यावयाचा धातूचा गोळा आपल्या यंत्रातून बाहेर यावयाचा, तर पलीकडच्या मास्तराने त्याच क्षणी आपल्या यंत्रावरून विजेचा प्रवाह सोडावा लागे. मैलोगणती दूर बसलेल्या दोन माणसांनी एकाच वेळी होकार दिल्याखेरीज गोळा सुटत नसे. आणि एक गोळा बाहेर आहे तोवर दुसरा कोणत्याच टोकास निघत नसे. खजिन्याची दोन कुलपे येथे तारेने जोडली गेली.

तरीही स्टेशनाच्या हद्दीत धोका उरलाच. सांधेवाल्याने सांधा एका रुळाकडे वळविला आणि सिग्नल मात्र दुसऱ्या रुळाचा पडला, तर काय व्हावे? इंग्लंडात जॉन सॅक्सबी याने १८५६ साली सांधे व सिग्नल एकमेकांस जखडणाऱ्या योजनेचे पेटंट घेतले. इंटरलॉकिंग म्हणून जी पद्धती पुढे जगभर पसरली तिचा हा आरंभ. सांधा योग्य जागी बसून कुलूपबंद झाल्याखेरीज सिग्नलचा दांडा हलूच नये, आणि सिग्नल पडला असता सांध्याचा दांडा हलू नये, अशी पोलादी अडवणूक तीत असते. १८८९ साली आयर्लंडातील आर्मा येथे झालेल्या अपघातात सुमारे ८० माणसे दगावली, त्यांत मुले पुष्कळ होती. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने उतारूंच्या मार्गांवर ही अडवणूक सक्तीची करण्यासाठी कायदा केला. यंत्राच्या सुरक्षिततेचे बहुतेक कायदे असेच प्रेतांच्या मागोमाग आले आहेत.

हिंदुस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नॉर्थ वेस्टर्न रेल्वेवर लिस्ट व मोर्स यांच्या नावाची पद्धती आली. तिचे सारे मर्म किल्लीत होते. सांध्यास कुलूप, ते लावल्यावाचून किल्ली निघावयाची नाही, आणि तीच किल्ली सिग्नलच्या कुलपात घातल्यावाचून सिग्नल पडावयाचा नाही. पुढे हेपर यांच्या नावाने ओळखले जाणारे यंत्र आले. त्यात एका टोकास किल्ली घालून फिरविली म्हणजे विजेच्या योगाने दुसऱ्या टोकाची किल्ली मोकळी होई, आणि पहिली तेथेच अडकून पडे. वाचकांनी या ठिकाणी क्षणभर थांबावे अशी आमची विनंती आहे. किल्लीचा मोठेपणा ती गुप्त असण्यात नाही. सांध्याची किल्ली कशी दिसते हे स्टेशनवरील पोरासोरांसही ठाऊक असते. तिचा मोठेपणा ती एका वेळी एकाच ठिकाणी असते यात आहे. जी वस्तू सिग्नलच्या कुलपात आहे ती सांध्याच्या कुलपात असू शकत नाही; बस्स, एवढ्या एका भौतिक सत्यावर हजारो उतारूंचे प्राण सोपविण्यात आले, आणि ते सत्य सहसा दगा देत नाही.

याहून सूक्ष्म अशी एक योजना जुन्या केबिनींत असे. एकच सिग्नल दोन केबिनींच्या ताब्यात असावयाचा. तो खाली पडण्यास दोघांनी आपापले दांडे ओढले पाहिजेत. पण वर, म्हणजे धोक्याच्या स्थितीत, नेण्यास दोघांपैकी कोणा एकाने दांडा परत टाकला की पुरे. होकारास दोघांचे एकमत हवे. नकारास एकटा समर्थ. आमच्या मते यंत्रावरील अधिकाराची सारी नीती या एका दांड्यात साठविलेली आहे. उतारूंच्या डब्यातील साखळी हे तिचेच लोकप्रिय रूप होय. गाडी सुरू करण्याचा अधिकार उतारूस नाही. थांबविण्याचा मात्र प्रत्येकास आहे, मग तो साधा शेतकरी का असेना. योग्य कारणावाचून साखळी ओढणाऱ्यास १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४१ व्या कलमाने एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद सांगितली आहे. पण साखळीस कुलूप घातलेले नाही. जाब नंतर विचारला जातो, हात आधी धरला जात नाही.

आता परवलीच्या शब्दाकडे वळू. तो संगणकवाल्यांचा शोध नव्हे, हे सैन्यातील पहाऱ्याच्या रिवाजावरून कोणासही कळेल. पण यंत्राच्या कामी त्याचा शिस्तबद्ध उपयोग पाहावयाचा तर पुन्हा स्टेशनातच गेले पाहिजे. स्टेशनमास्तर व फाटकवाला हे टेलिफोनवर बोलतात. गाडी येत आहे, फाटक बंद कर, असे मास्तर सांगतो; बंद केले, असे फाटकवाला म्हणतो. पण 'हो, केले' हे तोंडचे शब्द सवयीने, झोपेत, अथवा गैरसमजानेही निघतात. म्हणून दोघांजवळ दोन आकडी संख्यांचे छापील तक्ते असतात. त्यांतील संख्या कोणत्याही क्रमाने लावलेल्या नसतात. फाटक खरोखर बंद केल्यावर फाटकवाल्याने आपल्या तक्त्यातील पुढची संख्या सांगावयाची, ती वहीत गाडीच्या नंबरासह व वेळेसह लिहावयाची, आणि तक्त्यावरून ती खोडून टाकावयाची. खोडलेली संख्या पुन्हा वापरावयाची नाही. यास रेल्वेत 'प्रायव्हेट नंबर' म्हणतात. पेढीचे पैसे भरताना मोबाइलवर येणारा व एकदाच चालणारा अंक आज घरोघरी ओळखीचा झाला आहे. त्याची पितृपरंपरा शोधू गेल्यास ती माळरानावरील फाटकवाल्याच्या खोपटापर्यंत जाते, असे म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. हा शब्द दार उघडीत नाही. तो उच्चारणाऱ्यास बांधून घेतो. आपण काय म्हटले, कोणत्या क्षणी म्हटले, याचे ते वचनपत्र आहे.

कुलूप कितीही चांगले असले तरी अडीअडचणीस ते मोडावे लागते. रेल्वेने हेही ओळखले. बटणांच्या फलकावर चालणाऱ्या स्टेशनांत मास्तराची एक किल्ली असते. ती काढून घेतली म्हणजे कोणासही नवा मार्ग लावता येत नाही. काही बटणे मात्र केवळ संकटकाळासाठी असून ती मोहोरबंद असतात, आणि त्यांच्याजवळ एक मोजणीयंत्र बसविलेले असते. बटण एकदा दाबले की आकडा एकाने पुढे सरकतो. तो मागे नेता येत नाही. प्रत्येक आकड्याचा हिशेब वहीत लिहिलेला असावा लागतो, आणि पाळी बदलताना येणारा मास्तर तो आकडा पाहून मगच चार्ज घेतो. हिरकणीस कडा उतरावा लागला, कारण रायगडाच्या दरवाज्यास असे बटण नव्हते. संकटात दार उघडावे, पण उघडल्याची खूण पुसता येऊ नये, ही दया व शिस्त यांची सांगड आम्हांस फार शहाणपणाची वाटते.

असो. आता रूळ ओलांडून जिनात जाऊ. तेथे ही शिस्त फार उशिरा आली. जुन्या जिनात एकाच लांब शाफ्टावरून पट्टे उतरून ओळीने यंत्रे फिरत. सरकी एकीकडे पडे, रुई दुसरीकडे. पट्ट्यात धोतर-लुगड्याचे टोक अडकणे, अडकलेला कापूस काढताना बोटे जाणे, आणि मिस्त्री यंत्रात वाकलेला असता दुसऱ्याने ते सुरू करणे, ही त्या जगातली ठरलेली संकटे होत. त्यांतील शेवटचे आमच्या विषयाशी अगदी जवळचे. यंत्र सुरू करणारा दुष्ट नसतो. आत कोणी आहे हे त्यास ठाऊक नसते. १९२३ च्या बॉयलर कायद्याने वाफ सोडणाऱ्या सुरक्षा-झडपेशी खेळ करणे हा गुन्हा ठरविला. १९४८ च्या कारखाने कायद्याने फिरत्या भागांस कुंपण सांगितले, आणि १९७६ साली त्यास झालेल्या दुरुस्तीने, बंद केलेली कळ चुकून सुरू होण्याजोगी असेल तर ती बंद स्थितीत कुलूपबंद करण्याची सोय असावी, असे घातले. कारखान्यांत चांगली चाल म्हणून यापुढचे पाऊल असे की, आत जाणाऱ्या कारागिराने स्वतःचे कुलूप घालावे व किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी. पाच जण आत गेले तर पाच कुलपे. मालकाची किल्लीही तेथे चालत नाही. ज्याचा देह यंत्रात आहे त्याचाच शब्द अखेरचा, हा अधिकार पगाराच्या मानाने नव्हे तर धोक्याच्या मानाने वाटलेला आहे.

अशा रीतीने किल्ल्यांचे राज्य पक्के होत असतानाच यंत्रांची जातच बदलली. पूर्वी यंत्राचा नियम तारांत व दांड्यांत असे. तो बदलावयाचा तर कपाट उघडून तारा हलवाव्या लागत, आणि ते करणारा मनुष्य सर्वांस दिसे. १९६८ साली अमेरिकेतील जनरल मोटर्सने तारा न बदलता नियम बदलता येतील अशा यंत्राची मागणी केली. १९६९ साली मॉडिकॉन ०८४ नावाचे यंत्र तयार झाले. पीएलसी म्हणून ज्याचे वंशज आज लहानमोठ्या कारखान्यांत भिंतीवर बसलेले दिसतात, ते हेच घराणे. नियम आता स्मृतीत अक्षरांच्या रूपाने राहू लागले. अक्षरांस कुलूप कसे घालावे? उत्तर तयारच होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील विद्यापीठात कॉर्बाटो यांच्या देखरेखीखाली १९६१ पासून एकच संगणक अनेकांनी वापरण्याची व्यवस्था झाली होती आणि तीत प्रत्येकास परवलीचा शब्द दिला जाई. १९६२ सालीच तेथील एका संशोधक विद्यार्थ्याने वापरावयास अधिक वेळ मिळावा म्हणून सर्वांच्या शब्दांची यादीच छापून घेतली, ही गोष्ट मोठी बोधप्रद आहे. नव्या कुलपाचा दोष त्याच्या बाल्यावस्थेतच उघडा पडला होता.

कापसाच्या धंद्यातही ही यंत्रे आली. केंद्र सरकारने २००० साली सुरू केलेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानात जिन व प्रेस यांच्या आधुनिकीकरणास साहाय्य मिळाले. तेव्हा रुई हवेच्या नळ्यांतून नेणारी व १७० किलोच्या गाठी बांधणारी यांत्रिक व्यवस्था विदर्भातही पसरली. प्रेसचा दाब, गाठीचे वजन, दारांची अडवणूक ही आता पडद्यावरून ठरविता येतात. दार उघडे असता प्रेस चालू नये हा नियमही आता पोलादात नसून पुष्कळदा अक्षरांत असतो, आणि अक्षरे शब्दाने उघडतात.

येथे किल्ली व शब्द यांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. किल्ली दिली म्हणजे आपल्याजवळून जाते. शब्द दिला तरी आपल्याजवळ राहतो, आणि घेणाऱ्याजवळही. किल्ली हरवल्यास कळते. शब्द फुटल्यास कळत नाही. हंगामात बाहेर गाड्यांची रांग लागलेली असता प्रेस अडली, तर वरच्या पायरीचा शब्द टेलिफोनवरून चालविणाऱ्यास सांगितला जातो. तो यंत्राच्या कडेला खडूने लिहिला जातो. आठ दिवसांत तो सर्वांचा होतो. पायऱ्या पडद्यावर राहतात, व्यवहारात जमीन सपाट होते. मग अपघात झाल्यावर वही उघडली तर तीत 'अभियंता' एवढेच लिहिलेले सापडते. तो अभियंता त्या रात्री गावात तरी होता काय, हे वही सांगत नाही. ज्याचा हात होता तो सुटतो, किंवा ज्याचा नव्हता तो अडकतो. शब्द सर्वांचा झाला की जबाबदारी कोणाचीच राहत नाही, आणि अशा वेळी ती सर्वांत खालच्या पायरीवरच्या गरिबाच्या डोक्यावर येऊन बसते, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

बाहेरच्या जगात याची प्रत्यंतरे पुष्कळ आहेत. २००० साली ऑस्ट्रेलियातील मरूची येथे सांडपाण्याच्या पंपांची व्यवस्था बसविणाऱ्या कंपनीतून गेलेल्या एका मनुष्याने बिनतारी यंत्राने त्या पंपांवर ताबा मिळविला, आणि सुमारे ८ लाख लिटर मैला ओढ्यांत व बागांत सोडला. नोकरी गेली, पण अधिकार गेला नव्हता. २०१० साली उघडकीस आलेल्या स्टक्सनेट नावाच्या घातक आज्ञावलीने इराणच्या नतान्झ येथील यंत्रे बिघडविली. तिने वापरलेल्या साधनांत एका प्रसिद्ध नियंत्रण-प्रणालीचा कारखान्यातूनच आलेला, कायमचा व आधीच चव्हाट्यावर आलेला शब्द होता. २०१७ साली सौदी अरेबियातील एका रसायन-कारखान्यात संकटकाळी सर्व काही बंद पाडणाऱ्या रक्षक यंत्रातच परक्यांनी शिरकाव केला. त्या यंत्रास खरीखुरी धातूची किल्ली होती. पण ती 'नियम बदलणे' या स्थितीत फिरवून तशीच ठेवलेली होती. किल्ली होती, तिचा रिवाज नव्हता. आपल्याकडे १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज कित्येक तास गेली, तेव्हा राज्याच्या गृहमंत्र्यांनी पुढील मार्चमध्ये परकीय शिरकावाचा संशय व्यक्त केला, तर केंद्रीय वीजमंत्र्यांनी मानवी चूक हे कारण सांगितले. वाद बाजूस ठेवला तरी एवढे खरे की, आत कोण आले होते हा प्रश्नच ज्या व्यवस्थेत वादग्रस्त राहतो, तेथे वही पुरेशी बोलत नाही.

रेल्वेचा धडा इतका जुना, तर रेल्वे तरी त्यातून सुटली काय? नाही. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार येथे मुख्य मार्गाचा सिग्नल मिळालेली कोरोमंडल एक्स्प्रेस बाजूच्या रुळावर वळून उभ्या मालगाडीवर आदळली. २९० हून अधिक माणसे मृत्यू पावली. सांधा एकीकडे आणि सिग्नल दुसरीकडे, म्हणजे सॅक्सबीने ज्यावर उपाय काढला होता तोच रोग. सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत असे दिसून आले की, सिग्नलच्या तारांच्या जोडणीत पूर्वी केलेल्या व त्या दिवशी फाटकाच्या कामासाठी केलेल्या बदलांत दोष राहिले होते. अपघातानंतर रेल्वे बोर्डाने सिग्नलची सामग्री असलेल्या खोल्यांस दुहेरी कुलपाची व्यवस्था आहे की नाही हे तपासण्याचा हुकूम काढला. खजिन्याची दोन कुलपे दीडशे वर्षांनी पुन्हा आठवली. वस्तुतः नियम असा आहे की, दुरुस्ती करणाऱ्याने मास्तराकडून लेखी संमती घेऊन मगच सामग्री तोडावी, आणि जोडल्यावर तपासून लेखी परत करावी. कुलूप हे या संमतीचे केवळ बाह्य चिन्ह होय. संमती व तपासणी गेली की उरते ते लोखंड.

आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो विचार करण्याजोगा आहे. पायऱ्यांची ही व्यवस्था कामगारावरील अविश्वास नव्हे काय? वीस वर्षे यंत्राजवळ उभ्या राहिलेल्या माणसास एक प्रमाण बदलण्यासाठी शहरातून येणाऱ्या पोराची वाट पाहावी लागावी, यात मानखंडना आहेच. शिवाय या कुलपाचा दुरुपयोग यंत्र विकणाराही करू शकतो. पोलंडमध्ये काही आगगाड्या बाहेरच्या कारखान्यात दुरुस्तीस गेल्यावर चालेनाशा झाल्या. त्यांच्या आज्ञावलीत तसा अटकाव घातला असल्याचा दावा तपासणाऱ्या तज्ज्ञांनी २०२३ साली केला, आणि उत्पादक कंपनीने तो नाकारला. खरेखोटे काहीही असो, ज्याने यंत्राची पूर्ण किंमत दिली त्याच्याच हातात अखेरचा शब्द नसावा, ही स्थिती शक्य झाली आहे. धामणगावसारख्या गावी हंगाम थोड्या महिन्यांचा. त्यात यंत्र अडले व शब्द परगावी असला, तर तोटा शेवटी कापूसवाल्या शेतकऱ्याच्या गाडीशीच येऊन थांबतो.

या आक्षेपाचे उत्तर कुलूप काढून टाकणे हे नव्हे. कुलूप योग्य जागी घालणे हे आहे. जुन्या केबिनीने ते दाखवून ठेवले आहे. थांबविण्याचा अधिकार सर्वांस असावा, आणि त्यास कोणताही शब्द नसावा. चालविण्याचा अधिकार त्या पाळीस चार्ज घेतलेल्या माणसास त्याच्या नावाने असावा, आणि पाळी संपताच संपावा. नियम बदलण्याचा अधिकार थोड्यांस असावा, व तोही एकट्यास नसावा. संकटाचे दार उघडे असावे, पण तेथे न पुसणारा आकडा असावा. आणि ज्याचा देह यंत्रात आहे त्याच्या खिशातील किल्लीपुढे मालकाचा, अभियंत्याचा व विकणाऱ्याचा, सर्वांचे शब्द निष्प्रभ असावे. एवढे केले म्हणजे कामगारास अविश्वासाचे शल्य राहणार नाही. उलट, ज्या कामात आपला हात नव्हता त्याचे खापर आपल्यावर फुटणार नाही, हे अभय त्यास मिळेल.

परवलीचा शब्द गुप्त असावा यावर हल्ली सर्वांचा भर आहे, व तो योग्यच आहे. परंतु फाटकवाल्याची संख्या गुप्ततेपेक्षा खोडली जाण्यामुळे अधिक मोलाची होती. ती उच्चारताना त्याचे फाटक बंद असे, त्याची वही उघडी असे, आणि त्याचे नाव त्या वहीवर असे. शब्दाचे सामर्थ्य तो कोणास ठाऊक नाही यात जितके आहे, त्याहून अधिक तो कोणाचा आहे यात आहे.